मचाण एकट्याने हलवू नये

माझ्या नवऱ्याला मी आयुष्यात एकदाच झाडाला बांधलं, आणि तेही पुरेसं घट्ट बांधलं नाही अशी मला आजही रुखरुख आहे.

हा किस्सा मी चारचौघांत सांगते तेव्हा लोक पोट धरून हसतात. हसावंच. मी हातवारे करते, सासूबाईंचा आवाज काढते, सोफ्याच्या पाठीला मिठी मारून नवरा झाडावर कसा दिसत होता तेही करून दाखवते. नवरा कोपऱ्यात चिवडा खात कसनुसं हसतो. पण जवळून पाहिलंत तर माझी नखं सोफ्याच्या कापडात रुतलेली दिसतील. तो अभिनय नाही. तो राग आहे आणि तो अजून ताजा आहे.

आम्ही राहतो न्यूझीलंडमध्ये, जॉन्सनव्हिलला. मी हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे आणि सुट्टीच्या दिवशी हरणांची शिकार करते. हे वाक्य हळदीकुंकवाला म्हटलं की वाणाची वाटी घेणारा हात हवेतच थांबतो. "म्हणजे खरीखुरी बंदूक?" असं कोणीतरी विचारतंच. खरीखुरी. परवाना काढलाय, बंदूक तिजोरीत असते, किल्ली कुठे असते ते नवऱ्यालाही माहीत नाही, आणि हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते पुढे कळेलच. इथे हरणं मुळातली नाहीत. बाहेरून आणली, बेसुमार वाढली, आता रानातली कोवळी रोपं खाऊन फस्त करतात. त्यामुळे शिकार केली की शेतकरी रागावत नाही, उलट चहा पाजतो.

मला हा नाद लावला माझ्याच वॉर्डातल्या मैत्रिणीने. ती माओरी आहे, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांपैकी, अंगापिंडाने माझ्या दुप्पट, आवाजाने तिप्पट. पोरिरुआ ओलांडून आत वळलं की डोंगराच्या कुशीत तिची आणि तिच्या भावाची जमीन आहे: मेंढ्यांची उतरती कुरणं, कडेला पाइनची रांग, आणि बारा महिने वारा. तिथेच माझं मचाण आहे.

मचाण म्हटलं की आपल्या लोकांना शेतातलं गवताचं आठवतं. इथलं लोखंडी असतं. शिडीचे तीन तुकडे एकात एक बसवायचे, जोडावर खिट्टी घालायची, वर बसायला एक पाट आणि पुढे कठडा. ते सगळं झाडाला टेकवायचं आणि वरून पट्ट्यांनी खोडाला आवळायचं. उंचावर बसलं की हरणाला आपला वास लागत नाही, आणि गोळी सुटली तर खाली मातीत जाते, शेजारच्या डोंगरावरच्या माणसात जात नाही. फार शहाणी वस्तू आहे. पण तिच्या आयुष्यात एक क्षण असा येतो की ती अगदी मूर्ख असते. शिडी झाडाला टेकवली आहे, वरचा पट्टा अजून आवळलेला नाही, आणि तो आवळायला कोणीतरी वर चढलं आहे. त्या क्षणी ते मचाण नसतं. ती नुसती झाडाला टेकलेली शिडी असते. म्हणून तेव्हा खाली दोघांनी शिडी धरायची असते, आणि चढणाऱ्याने जमिनीवरूनच छातीला-मांड्यांना आवळायचा हार्नेस घालून, दोर खोडाभोवती घेऊन, पायरीगणिक गाठ वर सरकवत जायचं असतं.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या वॉर्डात छपरावरून पडलेले येतात, शिडीवरून पडलेले येतात, झाडावरून पडलेले येतात. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सिस्टर, दोनच मिनिटांसाठी चढलो होतो." कोणीही अर्ध्या तासासाठी चढलेला नसतो. मी त्यांच्या पायाखाली उशी सरकवते, हसते आणि मनात म्हणते, गाढवा.

आता नवरा. नवरा स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. भूकंपात कुठली इमारत पडेल हे सांगायचे त्याला पैसे मिळतात. त्याने मान हलवली की अख्खी कचेरी रिकामी करतात. हाच माणूस घरात खुर्चीवर स्टूल ठेवून दिवा बदलतो. मी ओरडले की म्हणतो, "अगं, लोड कुठे जातोय ते मला कळतं." मला तेव्हाच कळायला हवं होतं की लोड कुठे जातोय. माझ्या डोक्यावर.

आणि सासूबाई. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांचं माझं उत्तम जमतं, एक नियम सोडून. घरातून कोणी निघालं की त्याला 'कुठे' असं विचारायचं नाही. विचारलं की काम फिसकटतं, किंवा माणसाला काहीतरी होतं. अगदीच राहवत नसेल तर "लांब का?" एवढं विचारायचं. जाणाऱ्यानेही "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण सासूबाईंच्या अमलाखाली आमचं न्यूझीलंडमधलं घर असं झालं होतं की माणसं सकाळी "येतो" म्हणून अदृश्य होत आणि संध्याकाळी प्रकट होत.

इकडे शिकारीचा पहिला नियम बरोबर उलटा. कुठे जातोय, कुठल्या झाडावर बसणार, कधी परतणार, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय निघायचंच नाही. मग मी काय करायची? दारात सासूबाईंनी हातावर घातलेलं दही चाटायची, गोड आवाजात "येते" म्हणायची, आणि कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर गाडी थांबवून मैत्रिणीला मेसेज करायची: "पाइनची रांग, नेहमीचं झाड, अंधारापर्यंत परत." मग डेअरीवाल्याला वाईट वाटू नये म्हणून एक दुधाची बाटली घ्यायची. आमच्या फ्रिजमध्ये त्या काळात दूधच दूध होतं.

त्या वर्षी वादळात माझं नेहमीचं झाड कललं. मुळाशी माती उचकटलेली दिसत होती. जेवताना मी म्हटलं, शनिवारी मचाण हलवायचंय, मैत्रीण आणि तिचा भाऊ येणार आहेत, नवे पट्टे आणलेत. जुने उन्हापावसात राहून कुजतात, वरून धड दिसतात आणि आवळताना तुटतात.

नवरा आमटी भुरकत म्हणाला, "एक शिडी हलवायला तीन माणसं? मांडव घालायचाय का?"

"चौथा येऊन नारळ फोड," मी म्हटलं.

तो हसला. मीही हसले. इथे माझा राग सुरू होतो, कारण त्या हसण्यात त्याचं ठरलं होतं.

शुक्रवारी माझा पन्नासावा वाढदिवस. सकाळची पाळी संपवून मी मैत्रिणीला घेऊन घरी आले, कारण सासूबाईंनी श्रीखंड-पुरी केली होती आणि माझ्या मैत्रिणीचा श्रीखंडावर जीव आहे. दारात नवऱ्याची गाडी नव्हती. त्याने त्या दिवशी रजा घेतली होती हेही मला तेव्हाच कळलं.

"आई, हा कुठेय?"

"बाहेर गेलाय."

"कुठे?"

सासूबाईंनी पुरी तळता तळता झारा माझ्याकडे रोखला. "शुभ बोल. माणूस वाटेवर असताना मागून 'कुठे' लावू नये. आणि गंमत आहे ती. तुला सांगायची नाही म्हणून बजावून गेलाय."

"कसली गंमत?"

"वाढदिवसाची. आता खोदू नकोस, पुरी फुगत नाही बोललं की."

मला आमटी भुरकतानाचं त्याचं हसणं आठवलं. मी गॅरेजमध्ये गेले. खिळ्यावर माझा हार्नेस लटकत होता. फळीवर नव्या पट्ट्यांचं पाकीट होतं, न फोडलेलं. चिखलात घालायचे बूट जागेवर होते. नव्हती ती हत्यारांची पेटी, आणि सामान वर खेचायची माझी बारीक दोरी.

मी हार्नेसकडे बघत उभी राहिले. दुसऱ्या कोणाच्या घरी काही चोरीला गेलं की कळतं. माझ्या घरी काय चोरीला गेलं नाही त्यावरून कळलं.

मैत्रीण मागून आली. तिने खिळा पाहिला, फळी पाहिली, माझं तोंड पाहिलं. "सिस," ती म्हणाली, "तुझा नवरा माझ्या झाडावर आहे का?"

हार्नेस आणि पट्टे घेऊन आम्ही निघालो. रस्ताभर मी नवऱ्याला फोन लावत होते आणि ओठांतल्या ओठांत ज्या शिव्या देत होते त्या पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात मला कोणी शिकवल्या हे मलाच ठाऊक नाही. मैत्रिणीला मराठी येत नाही, पण ती मधूनमधून मान डोलवत "हो, बरोबर" म्हणत होती.

फाटकापाशी त्याची गाडी उभी होती. आत मागच्या सीटवर जॅकेट होतं, आणि जॅकेटच्या खिशात फोन वाजत होता. मीच लावलेला. काच बंद असल्यामुळे तो अगदी बारीक, सभ्यपणे वाजत होता.

पाइनच्या रांगेपर्यंत आम्ही धावलो. कललेल्या झाडावर मचाण नव्हतं. खोडावर पट्ट्यांचे वळ होते आणि गवतात ओढून नेल्याची खूण, ती पुढे मेंढ्यांच्या वाटेत मिसळून गेलेली. म्हणजे उतरवलं त्याने एकट्याने, आणि उतरवताना काही झालं नाही. काही झालं नाही हेच वाईट झालं. झालं असतं तर घाबरून घरी आला असता.

आम्ही हाका मारल्या. मैत्रिणीची हाक वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते, पण तिथला वारा तोंडातून शब्द काढून घेतो. डोंगराच्या तीन बाजूंना झाडं होती. उन्हं उतरायला लागली होती आणि गारवा सुटला होता. कुठलं झाड? हा एकच प्रश्न होता, आणि आमच्या घरात तो विचारायला बंदी होती.

फाटकाशीच काय ती थोडी रेंज येते. मी परत धावत आले आणि सासूबाईंना फोन लावला.

"आई, तो कुठे गेलाय ते सांगा."

"आधी तू सांग, पोचला का तो?"

"पोचलाय! गाडी इथे आहे, तो दिसत नाहीये!"

"पोचला ना? मग आता विचारलंस तरी चालेल," सासूबाई म्हणाल्या. मी कपाळ फाटकावर टेकवलं. "मी कशाला विचारू कुठे म्हणून? मी आपलं 'लांब का' विचारलं. तर म्हणाला, लांब कसलं आई, नेहमीच्या जागेपेक्षा जवळच, पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाला. तिथून म्हणे सूर्य डोळ्यांत जात नाही. तूच म्हणाली होतीस ना, सूर्य डोळ्यांत जातो?"

म्हणाले होते. कधीतरी, चहा पिताना. मला वाटलं होतं तो ऐकत नाहीये.

"काय झालंय गं?" सासूबाईंचा आवाज बदलला.

"काही नाही. श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवा," मी म्हटलं आणि टाकीकडे पळत सुटले.

पहिल्यांदा दिसली ती जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल. निळी, एकच, टाकीमागच्या उतारावर पालथी पडलेली. हा माणूस ओल्या उतारावर, झाडावर चढायला, जँडल घालून आला होता. मग दिसली शिडी, गवतात आडवी. मग मी वर पाहिलं.

मॅक्रोकार्पाचं जुनं झाड होतं ते, आपल्या सुरूच्या जातीचं पण आडव्या अंगाचं. मेंढ्यांना सावली राहून वाट मोकळी व्हावी म्हणून खालच्या फांद्या छाटून टाकलेल्या, त्यामुळे खोड दुमजली घराएवढं सरळसोट, पाय ठेवायलाही जागा नाही. त्याच्या वर एका फांदीच्या खुंटावर पाय टेकवून माझा नवरा खोडाला मिठी मारून उभा होता. गाल सालीला चिकटवलेला. एक पाय अनवाणी. ती फांदी वाळलेली आहे हे मला खालून दिसत होतं. त्याला वरून दिसत नव्हतं, आणि मी ते त्याला सांगितलं नाही.

"आलीस?" तो म्हणाला.

"नाही, पोस्टमन आलाय."

"अगं, दोनच मिनिटांसाठी चढलो होतो."

मी शपथेवर सांगते, त्याच क्षणी कोणी मला दगड दिला असता तर मी तो वर मारला असता.

मला पळताना पाहून मैत्रीण मागोमाग आली होती. तिने सगळं एका नजरेत घेतलं, आणि फायर ब्रिगेडला फोन करायला फाटकाकडे वळली. जाताना माझ्या दंडाला तिने असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होता. "तू चढायचं नाहीस. कळलं? आज मला दोघं नकोत."

ती गेली आणि मी एकटी उरले.

"शिडी लाव ना गं," वरून आवाज आला. "तू फक्त टेकव. मी पाय ठेवतो, उतरतो. सोपं आहे."

आणि खरं सांगते, मी वाकले. शिडीचं एक टोक उचललंही. आपल्या माणसाचे पाय वर थरथरताना दिसत असतील तर कोणाची अक्कल जागेवर राहते? शिडी उचलताना तिचा मधला जोड हातात सैल हलला. पाहते तर खिट्टी नाही. एकाही जोडात खिट्टी नाही. भूकंपाचा तज्ज्ञ खिट्ट्या न घालता शिडी उभी करून वर गेला होता, जुना पट्टा खोडाभोवती टाकून आवळायला गेला तो पट्टा हातात तुटून आला, आणि शिडी खालून निसटली. तुटलेला पट्टा तिथेच पडला होता, पावासारखा मऊ. आता तीच शिडी, तशीच, एकटीने मी लावायची होती. म्हणजे त्याने केलं तेच मी त्याच्या खाली उभी राहून करायचं.

मी शिडी खाली ठेवली. आयुष्यात इतकी जड वस्तू मी कधी ठेवली नाही.

"नाही लावणार," मी म्हटलं. "माणसं येतायत. धरून राहा."

"हात बधिर झालेत. दुपारपासून आहे मी." मग थोड्या वेळाने, अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "मी जरा डोळे मिटतो हं."

तो आवाज मला माहीत आहे. वॉर्डात मी तो ऐकलेला आहे. माणूस भांडायचं सोडून देतो आणि एकदम गोड बोलायला लागतो, तेव्हा नर्सने पळायचं असतं. मला पळायला जागा नव्हती. माझ्याकडे फक्त तोंड होतं. म्हणून मी ते वापरलं.

"डोळे मिटलेस तर बघ! ऑकलंडच्या विमानतळावर मला विसरून बॅगा घेऊन टॅक्सीत बसला होतास, तेव्हाही डोळे मिटलेलेच होते!"

एक डोळा उघडला. "पार्किंगपर्यंतच गेलो होतो."

"रस्त्यापर्यंत! आणि माझी नर्सिंगची परीक्षा होती तेव्हा तुझ्या मावशीला काय म्हणालास? त्यात काय, गोळ्या तर द्यायच्या!"

"मी असं म्हणालोच नव्हतो!"

"म्हणालास! पोहे खाता खाता म्हणालास!"

"शिरा होता!" तो झाडावरून ओरडला. "आणि मावशी म्हणाली होती, मी नाही!"

ओरडला तशी त्याच्या दंडांत जान आली. मला ते खालून दिसलं. मग मी काही शिल्लक ठेवलं नाही. लग्नातल्या रुसव्यापासून सुरुवात केली आणि वर्षं ओलांडत पुढे आले. मेंढ्या एका रांगेत उभ्या राहून ऐकत होत्या. भांडता भांडता माझं लक्ष त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेलं. तिथे माझी ती बारीक दोरी बांधलेली होती आणि तिचं टोक खोडावरून खाली लोंबत होतं. हार्नेस घ्यायची अक्कल नव्हती, पण सामान वर खेचायची दोरी घ्यायची अक्कल होती. एवढ्याबद्दल मी त्याला त्यानंतर कधीही शाबासकी दिलेली नाही.

नव्या पट्ट्यांचं पाकीट मी दातांनी फोडलं, एक पट्टा दोरीला बांधला.

"खेच. खोडामागून घे आणि काखांखालून आवळ."

हे चुकीचं होतं हे मला माहीत होतं. हार्नेसशिवाय नुसत्या पट्ट्यावर माणूस लटकला तर श्वास कोंडतो. पण त्याला लटकायचं नव्हतं, चिकटायचं होतं, तेही माणसं येईपर्यंत. खरा हार्नेस तिथे उभ्याने घालता येणं शक्य नव्हतं.

"हात सुटत नाहीये," तो म्हणाला. आता आवाजात भांडण नव्हतं. भीती होती. "डावा हात सुटतच नाहीये गं. सोडला तर पडेन."

मला रडू फुटणार होतं. ते मी गिळलं आणि त्याच्या जागी जे वर आलं ते ओरडले. "आज माझा वाढदिवस आहे! मला गंमत द्यायला आलास ना? मग दे! वाढदिवसाला मला नवरा पाहिजे, आख्खा! डावा हात सोड!"

खोडावरून बोटं एकेक करून निघाली. पट्टा वर गेला. एकदा हातातून निसटला, दोरीला लोंबकळत राहिला, त्याने परत खेचला. खोडामागून फेकला, पलीकडे पकडला. चाप बसल्याचा आवाज मला वाऱ्यातही ऐकू आला.

लग्नानंतर पहिल्या वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायला मी नकार दिला होता, आणि सासूबाई महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या. त्या क्षणी मला ते आठवलं आणि मी झाडाखाली उभी राहून हसले. वरून तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "तोंड बंद ठेव."

फायर ब्रिगेडचे स्वयंसेवक आले तेव्हा उन्हं डोंगरापार गेली होती. त्यांनी लगेच शिडी लावली नाही. आधी झाडाभोवती फिरले, वरच्या फांद्या पाहिल्या, जमीन पायाने दाबून पाहिली. शिडी टेकवली. दोघांनी खाली धरली, एकजण हार्नेस घालून वर चढला. तीन माणसं. मी मोजली. नवऱ्यानेही वरून मोजली, कारण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

शेवटी त्याचे पाय जमिनीला लागले. मैत्रिणीने त्याला लहान मुलासारखा कवेत धरला आणि आमच्या गाडीतली चादर त्याच्या अंगावर टाकली. "किया ओरा, झाडाचं फळ," माओरीत रामराम घालत ती त्याला म्हणाली. "माझ्या जमिनीवर मरायचं असेल तर आधी विचारायचं." त्याच्या छातीवर, हातांवर सालीने खरवडलेलं होतं. बाकी काही नाही. वॉर्डात आणून तपासलं तर खरंच काही नाही. माझ्याबरोबरच्या नर्सेस त्याच्या अनवाणी पायाकडे बघून हसत होत्या. मी हसले नाही. काही नाही झालं, हे वाक्य त्या दिवसानंतर माझ्यासमोर कोणी उच्चारत नाही.

घरी आलो तर सासूबाई दारात. लेकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तिथे पट्ट्याचा वळ होता, तो कळवळला. "लांब कसलं आई, म्हणाला होतास," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन श्रीखंड बाहेर काढलं.

मला वाटलं होतं आता तो नियम जाईल. मी तयारीत होते, भाषण पाठ केलं होतं. पण सासूबाई माझ्यापेक्षा पक्क्या. पुढच्याच आठवड्यात आम्ही मचाण उभं करायला निघालो, रीतसर, मैत्रीण आणि तिचा भाऊ तिथे येणार होते, तेव्हा त्या दारात दह्याची वाटी घेऊन उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला विचारलं, "लांब का?"

"टाकीच्या खालचं पाइन, आई. फाटकातून सरळ. आम्ही चौघं आहोत. अंधारापर्यंत परत."

"पायात काय आहे?"

त्याने पाय उचलून बूट दाखवला.

"हार्नेस?"

"गाडीत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातावर दही घातलं. "कुठे ते मी विचारलेलं नाही हं." ते दही मीही मुकाट्याने चाटलं. त्यांच्या त्या 'लांब का'नेच मला झाड दाखवलं होतं, आणि हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. डेअरीसमोर थांबायची त्या दिवशी गरज पडली नाही. दूध मात्र सवयीने घेतलं.

पाइन सरळ, जिवंत, मुळं घट्ट. खिट्ट्या मी स्वतः घातल्या. मैत्रीण आणि तिचा भाऊ एका बाजूने, नवरा दुसऱ्या बाजूने शिडी धरून. मी हार्नेस चढवला, गाठ सरकवत वर गेले, नवा पट्टा खोडाभोवती घेतला आणि कचकचून आवळला. वरून मावळतीचं ऊन खरंच डोळ्यांत येत नव्हतं. अख्खं कुरण सोन्यासारखं पसरलेलं, आणि त्यात लांबवर दोन हरणं.

"छान दिसतंय का गं?" खालून नवरा म्हणाला.

मी पट्ट्याचा चाप पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"अजून रागावलीयेस?"

मी कठड्यावरून खाली पाहिलं. त्याने मान वर केली होती आणि बोलण्याच्या नादात त्याचा एक हात शिडीवरून सुटला होता.

"शिडी धर," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी."